तीन म्हातारे, एक मास्क

मंडळी, या जगात सुटणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. बुटाची नाडी सुटते, नोकरी सुटते, पोट तर न विचारता सुटतं! पण मी बसवलेला केबलचा जोड? तो सुटायचा नाही. दोन बाजूंना दोन हत्ती बांधा आणि त्यांच्यात भांडण लावून द्या. हत्ती दमतील, जोड तसाच! एकदा वादळात नांगर तुटला तेव्हा एक अख्खं जहाज माझ्या एका जोडावर उभं राहिलं होतं. बायको म्हणते, ते जहाज आधीच वाळूत रुतलेलं होतं. असेल! पण वाहून गेलं नाही ना?

तर ही गोष्ट त्याच जोडाची आणि माझ्या लेकीच्या केबलची.

केबल साधी नव्हे, अतिवाहक! म्हणजे काय, ते सांगतो. तांब्याच्या तारेतून जाणारी वीज म्हणजे बाजारातून घरी निघालेला माणूस. कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी भेटतं आणि पिशवी हलकी होत जाते. अतिवाहक केबलमधली वीज म्हणजे सासुरवाडीत शिरलेला नवा जावई. त्याला अडवायची कुणाची छाती आहे? पण जावई म्हटला की त्याची एक अट असतेच. याची अट थंडीची. थंडीही अशी, की तिच्यापुढे बर्फ म्हणजे शेकायची पिशवी! म्हणून केबलच्या पोटातून द्रव नायट्रोजन खेळवायचा आणि बाहेरून थर्माससारखं दुहेरी कवच घालायचं. जहाजात जागा कमी आणि वळणं फार, म्हणून हे सगळं अजगरासारखं वाकायलाही हवं. लेकीने वर्षानुवर्षं डोकं झिजवून अशी केबल बनवली. तिच्या टोकाचा जोड माझा.

पहिली चाचणी घ्यायची ठरली ती गोदीत उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजावर. जहाजाचे कप्तान कोण? माझे व्याही! लेक त्यांच्याच घरात दिलेली. आणि चाचणीवर सुरक्षा अधिकारी म्हणून कोण? माझा मेहुणा! याला आम्ही घरात भोंगा म्हणतो. कुठे काही झालं की हा वाजतो. काही झालं नाही तर जास्त वाजतो. म्हणजे बघा, अख्खा लग्नमंडप जहाजावर! नव्हती ती फक्त माझी बायको, आणि त्याबद्दल मी नंतर देवाचे आभार मानले.

आता नीट ऐका. थंडीत माणूस अंग चोरतो, तशी केबलही चोरते. एवढी लांब केबल गार झाली की चांगली हातभर आखडते. दोन्ही टोकं पक्की ठोकून ठेवली तर ती स्वतःलाच तोडून घेईल. म्हणून एक टोक चाकांच्या गाड्यावर ठेवायचं. केबल आखडली की गाडा आपला आपण सरकतो. ही जुनी रीत आहे. कुठलं टोक गाड्यावर ठेवायचं, ते मात्र मी ठरवलं.

जहाजाच्या नाकाकडे एक कोठी होती. खिडकी नाही. लोखंडी दार एकच आणि ते आत उघडणारं. केबल यायची ती दाराशेजारच्या भिंतीतल्या भोकातून. गाड्यावर चार बोल्टांनी माझ्या जोडाची पेटी बसवलेली. सकाळी मी गाड्यापासून भिंतीपर्यंतची जागा स्वतः मोजली. गाडा सरकायला ऐसपैस जागा!

दुपारी लेक यंत्रघरात गेली आणि तिने शीतयंत्र चालू केलं. आम्ही तिघे कोठीत. व्याही पांढऱ्या गणवेशात छाती काढून उभे. भोंगा गळ्यात शिट्टी अडकवून आणि पाठीला श्वासाचं नळकांडं लावून. नळकांड्याला रबरी मास्क. भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, प्राणवायूचा मीटर टांगलेला.

"इतक्या खाली का?" मी विचारलं.

"थंड नायट्रोजन खाली बसतो, भाऊजी. धोका जिथे, मीटर तिथे."

"आणि मास्क एकच?"

"गळती होणारच नाही म्हणालात ना तुम्ही? मग एक तरी कशाला आणला, हे विचारा!"

व्याही गडगडाटी हसले. मीही हसलो. ते आमचं त्या दुपारचं शेवटचं निर्भेळ हसू.

कारण तेवढ्यात गाडा हलला.

कुणी हात लावला नव्हता. कर्र! आणि थांबला. पुन्हा कर्र! बोटभर पुढे. मंडळी, मला त्यामागचं शास्त्र पाठ होतं. तरी सांगतो, एवढी मोठी पेटी आपणहून, कुणाला न विचारता, श्वापदासारखी दबकत सरकायला लागली की शास्त्र पायातून निघून जातं!

"हे... असंच व्हायचं असतं ना?" व्याह्यांनी विचारलं. छाती जरा आत गेली होती.

"अगदी असंच!" मी म्हणालो. "बघत राहा."

आम्ही बघत राहिलो. तेच चुकलं. गाडा सरकत सरकत उघड्या दाराला टेकला, दाराला हलकेच ढकलत घेऊन गेला, दार खट्कन लागलं, आणि गाडा त्याला पाठ लावून बसला. एखादा हट्टी व्याही मांडवाच्या दारात बसावा तसा! (हे मी मनात म्हणालो.)

तिघांनी मिळून गाडा ओढला. हलला नाही. का हलेल? पलीकडे अख्खी केबल त्याला खेचून धरत होती, आणि अलीकडे माझा जोड. न सुटणारा!

"भाऊजी," भोंगा म्हणाला, "तुम्ही जागा मोजली होती ना?"

"मोजली होती. गाड्याला पुरत होती."

"आणि आपल्याला?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. जोडाच्या तोंडापासून पांढरं धुकं ओघळायला लागलं. आधी धाग्यासारखं, मग पदरासारखं. जमिनीवर उतरलं आणि आमच्या बुटांकडे निघालं. आवाज नाही, वास नाही. आणि भिंतीवरचा मीटर बोलला.

पीप.

भोंग्याचा चेहरा एका क्षणात धुक्याच्या रंगाचा झाला. "टेबलावर चढा! खाली थांबू नका!"

कोठीत एक कामाचं टेबल होतं. त्यावर तीन म्हातारे कसे मावले, हे मला विचारू नका. व्याह्यांचं डोकं छताच्या पाइपला, माझं डोकं व्याह्यांच्या काखेत, आणि भोंग्याची शिट्टी माझ्या कानात.

पीप.

भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर कसाबसा वर ओढून मी यंत्रघर लावलं. "अगं, आम्ही कोंडलोय! गाडा दाराला लागलाय! धुकं येतंय!"

लेकीचा आवाज शांत. ही शांतता तिने कुणाकडून घेतली, कोण जाणे. "बाबा, इथे दाब ठीक दिसतोय. गळती दिसत नाही. मीटरवरचा आकडा वाचा."

"मीटर पिपतोय!"

"पिपू दे. आकडा वाचा."

आम्ही खाली पाहिलं. मीटर धुक्यात अर्धा बुडालेला. आकडा वाचायचा म्हणजे डोकं त्या धुक्यात घालायचं.

"वाकायचं नाही!" भोंगा ओरडला. "एक श्वास, आणि संपलं! कळतसुद्धा नाही!"

"सूनबाई," व्याह्यांनी रिसीव्हर हिसकला, "ते यंत्र बंद कर आणि केबल गरम कर! ताबडतोब!"

"मामंजी, हळू गरम केली तर संध्याकाळ होईल. घाईने केली तर आतला द्रव उकळेल आणि वाफ झडपेतून बाहेर पडेल."

"पडू दे की! झडप कुठे आहे?"

"तुमच्याच खोलीत."

व्याह्यांच्या हातून रिसीव्हर गळला आणि तारेला लोंबकळत राहिला. त्यातून लेक काहीतरी सांगत होती, पण मरणाच्या दारात कोण फोन ऐकतं?

पीप. पीप.

"कळणार कसं?" मी कुजबुजलो. "प्राणवायू कमी झालाय हे माणसाला कळतं कसं?"

भोंगा शिकवल्यासारखं बोलू लागला. "तेच तर भयंकर आहे. गुदमरत नाही, दुखत नाही. उलट बरं वाटतं! माणूस उगाच खूश होतो. भरमसाट बडबडतो. फुशारक्या मारतो. भलभलत्या कल्पना काढतो आणि त्या जमतीलच असं त्याला वाटतं. मग बोटं ऐकत नाहीत. मग झोप."

तो बोलायचा थांबला. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?"

"बडबड..." व्याही म्हणाले.

"फुशारक्या..." भोंगा म्हणाला.

"अहो, मी जन्मापासून असा आहे!"

"तेच ना! मग तुमचं कळायचं कसं?"

खरंच की, मंडळी! मी मरायला लागलो तर ते मलासुद्धा कळणार नव्हतं!

भोंग्याने परीक्षा काढली. "एकोणतीसचा पाढा म्हणा. डोकं चालतंय का ते बघू. कप्तानसाहेब, तुम्ही आधी."

"एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे... दुणे..." व्याही बोटं मोजू लागले. "अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक... गेलो! मी गेलो! मला आठवत नाही!"

"आधी कधी येत होता का?" मी विचारलं.

"शाळेतसुद्धा नाही!"

"मग आत्ता कशाला रडताय?"

"तू म्हण!" व्याही भोंग्यावर उलटले. तो गळ्यातली शिट्टी चाचपू लागला. तिघांनाही एकोणतीसचा पाढा येत नव्हता. चांगल्या दिवसात नाही, वाईट दिवसात नाही!

धुकं टेबलाच्या पायांना लागलं होतं. आणि नेमक्या त्याच क्षणी मला युक्ती सुचली. मी आनंदाने ओरडलो, "सोप्पं आहे रे! पेटी गाड्यावर चार बोल्टांनी बसलीय. बोल्ट काढा, गाडा मोकळा! पेटी माझ्या जोडावर लोंबकळेल. काही होत नाही! माझा जोड हत्तीला—"

"धरा त्यांना!" भोंगा किंचाळला. "खूश झाले! कल्पना आली! हत्तीसुद्धा आला!"

दोघांनी मला पाइपला दाबून धरलं आणि मास्क तोंडावर कोंबला. मी आतून ओरडत होतो, बाहेर नुसतं "बुंबुंबुं" जात होतं.

व्याही माझ्या मास्ककडे बघत राहिले. पाहुण्याने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं. मग त्यांचे ओठ थरथरले, फाकले, आणि ते हसले. मंडळी, असलं भेसूर हसू मी कुठल्याही बुजगावण्यावर पाहिलेलं नाही!

"मलाही..." ते दात दाखवत म्हणाले, "मलाही फार आनंद होतोय! हा हा! मास्क!"

"खोटं!" मी मास्क बाजूला करून ओरडलो. "डोळ्यांत पाणी आहे तुमच्या!"

"आनंदाचं आहे! द्या इकडे!"

"तुम्ही कप्तान! कप्तानाने शेवटी जायचं असतं!"

"ते जहाज बुडताना! हे कुठे बुडतंय? मी मुलाचा बाप आहे!"

"आणि मी मुलीचा! तिला जगात मी एकटाच आहे!"

"एकटा? मग आम्हाला काय तिच्यासाठी भाड्याने आणलंय?"

ओढाताण सुरू झाली. आणि भीती जिभेवर चढली की कुलूप राहत नाही.

"या सगळ्याला तुमची पोरगी कारण आहे!" व्याही गरजले. "घरी चहा करताना तीन वेळा मोजते, आणि इथे सासऱ्याला कोंडताना एकदासुद्धा मोजलं नाही!"

"मोजलं मी होतं!" असं म्हणायला हवं होतं, मंडळी. पण मास्क माझ्या हातून निसटत होता. मी म्हणालो, "लहानपणापासून तशीच आहे! चाव्या आत ठेवून दार ओढायची! आणि हट्ट? गाढवाने शिकवणी लावावी असा!"

"अगदी!" व्याही भारावून म्हणाले. "आमच्या घरात तिच्यापुढे कुणाचं चालेल तर शपथ!"

"आईवर गेलीय," भोंगा मधूनच वाजला. स्वतःच्या सख्ख्या बहिणीबद्दल! "ती तर याहून भयंकर!"

"ती?" मी म्हणालो. "अरे, तिच्यापुढे हा नायट्रोजन म्हणजे कोमट!"

क्षणभर तिघेही एकमताने हळहळलो. इतकी एकी लग्नातसुद्धा झाली नव्हती.

पीप पीप पीप.

एकी मोडली. मी समजून चुकलो: हसत सांगितलेलं इथे कुणी ऐकणार नाही. मी मास्क काढला, चेहरा पाडला आणि रडक्या आवाजात म्हणालो, "एक उपाय आहे. पण तो फसणार. चार बोल्ट काढायचे. मग बहुतेक जोड तुटेल, सगळा नायट्रोजन अंगावर येईल आणि आपण मरू."

भोंग्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आता शुद्धीवर आले! बोला, बोला!"

"बोल्ट गाड्याच्या खालच्या अंगाला आहेत."

तिघांनी खाली पाहिलं. खालचं अंग धुक्यात बुडालेलं.

"मास्क घालून एकाने उतरायचं," भोंगा म्हणाला.

आणि मंडळी, काय चमत्कार! ज्या मास्कसाठी आत्ता रक्त सांडायची वेळ आली होती, तो एकदम अस्पृश्य झाला!

"तुम्ही घ्या, व्याही," मी म्हणालो.

"छे छे, तुम्ही मुलीकडचे. मान तुमचा."

"मान नेहमी मुलाकडच्यांचा!"

"आम्ही कधी मानपान केलाय का? घ्या हो, लाजू नका!"

"तूच घे रे," मी भोंग्याला म्हणालो. "सुरक्षा अधिकारी ना तू?"

"मी देखरेख करणार. उंचावरून."

शेवटी जोड माझा, म्हणून मास्क मला आणि नळकांडं माझ्या पाठीला. हातमोजे चढवून, पाना घेऊन मी उतरलो. विश्वास ठेवा, टेबलावरून जमिनीवर उतरायला मला जेवढं अंतर वाटलं, तेवढं डोंगरावरून उतरतानाही वाटलं नव्हतं. धुकं गुडघ्यांना लागलं, गार! मी वाकलो. मास्कची काच माझ्याच श्वासाने आंधळी झाली. मीटर कानाशी केकाटत होता आणि मला माझा हातसुद्धा दिसत नव्हता. चाचपडत पहिला बोल्ट काढला. दुसरा. तिसऱ्याला बोटं ऐकेनात. भोंगा म्हणाला होता, बोटं ऐकत नाहीत, मग झोप! मी मनातल्या मनात बायकोची क्षमा मागितली, कशाकशाबद्दल ते इथे सांगत नाही. मग लक्षात आलं, हातमोजा उलटा घातलाय.

चौथा बोल्ट निघाला आणि पेटी गाड्यावरून घसरली.

धाप्!

ती भिंतीच्या भोकाशी जोडावर लोंबकळली. केबल कण्हली. टेबलावरच्या दोघांनी एकमेकांना मिठी मारली. आता जर माझा जोड सुटला असता, तर एवढा वेळ ज्याची भीती होती ते सगळं खरंखुरं, उकळत, माझ्या डोक्यावर येणार होतं. मी डोळे मिटले. पेटी झुलली. एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि थांबली.

जोड सुटला नाही! मंडळी, सुटला नाही!

"ओढा!" मी मास्कमधून बुंबुंलो. दोघे टेबलावरून कोसळत खाली आले, तिघांनी गाडा मागे खेचला, दार उघडलं आणि आम्ही एकाच वेळी त्यातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. अर्थातच अडकलो.

समोर लेक उभी होती. यंत्रघराचा बिनतारी फोन अजून कानाला. तिने आमच्याकडे पाहिलं, शांतपणे आम्हाला एकेक करून बाहेर ओढलं, आमच्या अंगावरून आत गेली आणि सरळ धुक्यात वाकली.

"नको, पोरी!" मी ओरडलो. "एक श्वास, आणि संपलं!"

तिने मीटर भिंतीवरून काढला, बाहीने पुसला, पाहिला. "गारठलाय बिचारा. थंडी सहन होत नाही म्हणून पिपतोय. आणि हे धुकं गळतीचं नाही. खोलीतली दमट हवा जोडाच्या गार तोंडाला लागून झालंय. तुम्ही तिघे जेवढे ओरडलात, तेवढं वाढलं."

"म्हणजे... आम्ही मरत नव्हतो?" व्याह्यांनी विचारलं.

"नाही, मामंजी."

आम्ही तिघेही जमिनीवर बसलो. भोंग्याला रडूच फुटलं. मी भिंतीला डोकं टेकून नुसता श्वास घेत राहिलो. फुकटचा, भरपूर, गोड!

मग माझी नजर तिच्या कानाच्या फोनवर गेली. मग आत लोंबकळणाऱ्या रिसीव्हरवर. मग व्याह्यांवर. व्याह्यांची नजरही त्याच वाटेने फिरून आली होती.

"सूनबाई," त्यांनी घसा साफ केला, "आत आम्ही... जे काही बोललो असू... ते प्राणवायू कमी पडल्यामुळे हं! माणूस अशा वेळी भलतंसलतं बोलतो. विचार तुझ्या मामाला."

"अगदी!" मी म्हणालो. "शुद्ध नव्हती! त्या गाढवाचं तर मला आठवतसुद्धा नाही!"

"शास्त्रच आहे ते," भोंगा नाक पुसत म्हणाला. "आईवर गेलीय वगैरे... ती लक्षणं!"

लेकीने मीटर आमच्यासमोर धरला. हिरवे, ठळक, चष्मा नसतानाही दिसतील असे आकडे. एकवीस टक्के, म्हणजे मोकळ्या हवेत असतो तेवढा प्राणवायू. एक शिंक कमी नाही! सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आम्ही तिघेही पूर्ण शुद्धीवर!

"आईचा फोन आला होता मघाशी," ती म्हणाली. "यंत्रघरातल्या फोनवर. तुम्ही इतकं छान बोलत होतात, म्हणून मी तिलाही जोडून घेतलं."

व्याही निमूटपणे उठले आणि कोठीत परत गेले. त्यांच्यामागून भोंगा. मी शेवटी शिरलो आणि दार आतून लावून घेतलं. खरं सांगतो मंडळी, आयुष्यात त्या एका दिवशी वाटलं, की थोडा तरी प्राणवायू कमी निघायला हवा होता!